तारेपासून तक्त्यापर्यंत : बाजारभावाच्या नोंदीचा इतिहास

संगणकावरील स्प्रेडशीट म्हणजे आडव्या रांगा आणि उभे स्तंभ यांचा असा तक्ता, की ज्याच्या प्रत्येक चौकटीत, म्हणजे सेलमध्ये, एकतर एखादी संख्या किंवा मजकूर असतो, किंवा इतर चौकटींतील संख्यांवरून उत्तर काढणारे सूत्र असते. अशा तक्त्याला आता इंटरनेटवरील एखाद्या पानाचा पत्ता दिला, की शेअरचा भाव, चलनाचा विनिमयदर किंवा बाजार समितीतील कांद्याचा दर तेथे आपोआप येऊन बसतो आणि मूळ पान बदलले की काही वेळाने तक्त्यातील आकडाही बदलतो. ही सोय इंटरनेटची देणगी आहे असे मानले जाते. परंतु तिच्या पोटात तीन निरनिराळी कामे आहेत आणि ती तिन्ही वेगवेगळ्या काळात यंत्राकडे गेलेली आहेत. दूरच्या बाजारातील भाव आपल्या पेढीपर्यंत आणणे हे पहिले काम, आलेला भाव वहीत योग्य जागी उतरवणे हे दुसरे, आणि त्या भावावर अवलंबून असणारे सगळे हिशेब नव्याने मांडणे हे तिसरे. पहिले काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तारायंत्राने उचलले, तिसरे १९७९ नंतर घराघरांतल्या संगणकाने उचलले. मधले, वरवर सर्वांत क्षुल्लक दिसणारे नोंदीचे काम मात्र या दोहोंनंतरही काही वर्षे माणसाच्या हातात राहिले. ते हातातून सुटले तेव्हा श्रम वाचले हे खरेच, पण त्याबरोबर नोंद या गोष्टीचे स्वरूपही पालटले, आणि त्या पालटाची दखल पुरेशी घेतली गेलेली नाही.

पहिल्या कामाचा इतिहास मुंबईच्या कापूस व्यापारात फार स्पष्ट दिसतो. अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू होऊन तेथील दक्षिणेकडील राज्यांचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, तेव्हा मुंबई बंदरातून जाणाऱ्या कापसाला पूर्वी कधी नव्हती अशी मागणी आली आणि मुंबईच्या व्यापाऱ्याचा नफातोटा लिव्हरपूलच्या भावावर ठरू लागला. हा भाव तेव्हा टपालाच्या बोटीबरोबर येई, म्हणजे तो हाती पडेपर्यंत आठवडे उलटलेले असत, आणि म्हणूनच बोट धक्क्याला लागण्यापूर्वी तिच्यावरची बातमी मिळवण्याला मोठे मोल होते. प्रेमचंद रायचंद यांच्या होड्या बोटींना समुद्रातच गाठून भाव आणत, असे त्या काळाबद्दल सांगितले जाते. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेच्या सेनापतीने शरणागती पत्करल्यावर कापसाचा भाव कोसळला, आणि १ जुलै १८६५ रोजी, शेअरांचे वायदे पुरे करण्याचा दिवस आला तेव्हा, मुंबईतील कित्येक पेढ्या बुडाल्या. त्याच वर्षी इराणच्या आखातातील तारेमार्फत हिंदुस्थान आणि युरोप यांच्यात तारसंपर्क सुरू झाला. पुढच्या वर्षी, १८६६ मध्ये, रॉयटर या वृत्तसंस्थेने हेन्री कॉलिन्स यांना पाठवून मुंबईत आपली कचेरी उघडली. आणि १८७० मध्ये ग्रेट ईस्टर्न या अवाढव्य जहाजाने एडन आणि मुंबई यांच्या दरम्यान समुद्रतळावर तार अंथरल्यावर लंडनचा भाव मुंबईत काही तासांत पोहोचू लागला.

रॉयटरचे नाव येथे यावे हे योगायोगाने घडलेले नाही. पॉल ज्यूलियस रॉयटर यांनी १८५० मध्ये आखेन आणि ब्रसेल्स या दोन शहरांमध्ये कबुतरांकरवी शेअरबाजाराचे भाव पोहोचवले होते, कारण बर्लिनहून आलेली तार आखेनला संपत होती, पॅरिसहून आलेली ब्रसेल्सला, आणि मधला तुकडा अजून जोडलेला नव्हता. तारेच्या दोन टोकांमधली ही फट भरून काढण्यावर त्यांचा व्यवसाय उभा राहिला. भावाच्या नोंदीच्या इतिहासात अशी एक ना एक फट नेहमी उरलेली दिसते. ती एका ठिकाणी बुजली की दुसरीकडे उघडी पडते, आणि जो ती बुजवतो त्याच्याकडे पैसा आणि वजन जाते.

तार आल्यावर ही फट पेढीच्या आत सरकली. तारेचा कागद हाती आला तरी त्यावरील आकडा मुनिमाला डोळ्यांनी वाचून हाताने वहीत उतरवावा लागे. देशी पद्धतीच्या हिशेबात दिवसाचे व्यवहार ज्या क्रमाने घडले त्या क्रमाने कीर्दीत लिहिले जात आणि तेथून ते त्या त्या खात्यावर, म्हणजे खतावणीत, चढवले जात. या पद्धतीचा एक गुण असा, की कीर्दीतील ओळीला तिची मिती असते आणि चूक झाली तर जुनी ओळ खोडण्याऐवजी नवी उलटी नोंद करून ती दुरुस्त केली जाते. वही त्यामुळे सावकाश वाढते, पण मागे काय लिहिले होते ते तिच्यात कायम राहते.

भाव सतत कळवणारे पहिले यंत्र न्यूयॉर्कमध्ये तयार झाले. तेथील शेअरबाजारातून दलालांच्या कचेऱ्यांकडे चिठ्ठ्या घेऊन धावणारी मुले हाच तोवर निरोपाचा मार्ग होता. १८६७ मध्ये एडवर्ड कॅलहन यांनी तारेवरून आलेली शेअरांची संक्षिप्त नावे आणि भाव कागदाच्या अरुंद पट्टीवर आपोआप छापणारे यंत्र, म्हणजे टिकर, तयार केले. त्यात अक्षरांचे एक आणि अंकांचे एक अशी दोन छापचाके होती. थॉमस एडिसन यांनी पुढच्या काही वर्षांत त्यात ज्या सुधारणा केल्या त्यांत, निरनिराळ्या कचेऱ्यांतील यंत्रे एकमेकांच्या मागेपुढे झाली तर ती मध्यवर्ती ठिकाणाहून पुन्हा एका ओळीत आणण्याची युक्ती विशेष महत्त्वाची होती. दूरच्या अनेक ग्राहकांकडे एकच आकडा एकाच वेळी असायला हवा, ही कल्पना येथे प्रथम यंत्रात उतरली आणि आजच्या प्रत्येक थेट तक्त्याच्या मुळाशी तीच आहे.

टिकरमुळे आणखी एक नवी अडचण जन्माला आली, ती म्हणजे उशिरा येणारा आणि तरीही ताजा वाटणारा भाव. ऑक्टोबर १९२९ च्या घसरणीत २४ तारखेला न्यूयॉर्कमध्ये सुमारे १ कोटी २९ लाख आणि २९ तारखेला सुमारे १ कोटी ६४ लाख शेअरांची उलाढाल झाली. यंत्राच्या छापण्याच्या वेगाला हा लोंढा झेपला नाही आणि २४ तारखेचे व्यवहार पट्टीवर छापून पूर्ण व्हायला संध्याकाळचे सात वाजून गेले. बाजारापासून दूर असलेला मनुष्य पट्टी वाचत असताना प्रत्यक्ष भाव त्याहून कितीतरी खाली गेलेला असे, आणि आपली नेमकी स्थिती काय हे न कळल्यामुळे माणसे घाबरून विकत सुटली. यंत्र बंद पडले असते तर ते लोकांच्या लक्षात आले असते; चालू असूनही मागे पडलेले यंत्र त्याहून धोकादायक ठरले.

मुंबईत या दूरस्थ आकड्याच्या विश्वासार्हतेचा एक विलक्षण उपयोग झाला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडते आणि बंद होणारे भाव टेलिप्रिंटरने मुंबईस येत, आणि त्या भावांवर पैज लावणारा आकड्यांचा जुगार विसाव्या शतकाच्या मध्यावर येथे फोफावला. त्यात भाग घेणाऱ्या बहुसंख्य लोकांचा कापसाशी काडीचाही संबंध नव्हता; आकडा समुद्रापलीकडून येतो, तो येथील कोणी ठरवू शकत नाही, एवढीच त्याची पत होती. साठीच्या दशकाच्या सुरुवातीस हे भाव येणे थांबले, तेव्हा आकडा मडक्यातून काढण्याची रीत पडली आणि तिच्यावरूनच या जुगाराला मटका म्हणू लागले. बाहेरून आलेल्या संख्येला तिच्या बाहेरून येण्यामुळेच अधिकार प्राप्त होतो, हे या प्रकरणातून जितके उघड दिसते तितके अर्थशास्त्राच्या ग्रंथांतही क्वचितच दिसते.

विद्युत्-पडद्यांच्या काळाबद्दल येथे थोडक्यातच सांगणे पुरे. १९६० मध्ये अमेरिकेत क्वोट्रॉन हे यंत्र आले, ज्यावर दलाल आपल्या मेजावरून हव्या त्या शेअरचा भाव मागवू शके. रॉयटरने १९७३ मध्ये मॉनिटर ही चलनदरांची पडद्यावरील सेवा सुरू केली. या यंत्रांनी पट्टीवरचा उशीर कमी केला, पण पडद्यावरील आकडा आपल्या हिशेबात आणायचा तर तो कागदावर टिपावाच लागे. पडदा आणि वही यांच्यामधले अंतर हातभराचे होते आणि ते ओलांडण्याचे साधन अजूनही पेन्सिल हेच होते.

तिसरे काम, म्हणजे फेरहिशेबाचे, यंत्राकडे देण्याची कल्पना लेखाशास्त्रज्ञ रिचर्ड मॅटेसिच यांनी १९६१ मध्ये अंदाजपत्रकाच्या संदर्भात मांडली होती, आणि १९६९ मध्ये रेने पार्डो व रेमी लँडाउ यांनी मोठ्या संगणकांसाठी लॅनपार नावाची तशी प्रणालीही बनवली होती. परंतु सामान्य धंदेवाईकाच्या मेजावर ती सोय आणली व्हिसिकॅल्कने. हार्वर्डच्या व्यवस्थापन विद्यालयात शिकणारे डॅन ब्रिकलिन आणि त्यांचे सहकारी बॉब फ्रँकस्टन यांचा हा प्रोग्रॅम १९७९ मध्ये ॲपल-२ या संगणकासाठी विक्रीस आला. फळ्यावर मांडलेल्या आर्थिक तक्त्यात एक आकडा बदलला की पुढची सगळी उत्तरे पुसून पुन्हा लिहावी लागतात, या रोजच्या त्रासावर ब्रिकलिन यांनी शोधलेला तो उपाय होता: प्रत्येक सेलला आपण कोणत्या सेलवर अवलंबून आहोत हे ठाऊक असते, त्यामुळे एक संख्या बदलली की तिच्यावर टेकलेली सर्व उत्तरे क्षणात बदलतात. जानेवारी १९८३ मध्ये आलेल्या लोटस १-२-३ ने हीच पद्धत आयबीएमच्या संगणकांवर आणि तेथून जगभरच्या कचेऱ्यांत पसरवली.

येथे एक विसंगती निर्माण झाली आणि तीच पुढच्या सगळ्या घडामोडींचे कारण ठरली. भाव पडद्यावर क्षणोक्षणी येत होता आणि हिशेब क्षणात होत होता. या दोन क्षणांच्या मध्ये आकडा वाचून कळफलकावर बडवणारा मनुष्य तेवढा संथ उरला होता, आणि त्याच्या हातून होणाऱ्या अंकांच्या उलटापालटीमुळे एरवी अचूक असलेला तक्ता चुकत होता.

ही फट बुजवणारे पहिले व्यापक साधन मायक्रोसॉफ्टने १९८७ मध्ये विंडोजच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर आणले. डायनॅमिक डेटा एक्स्चेंज, म्हणजेच डीडीई, या नावाने ते ओळखले जाते. संगणकावर एकाच वेळी चालू असलेल्या दोन प्रोग्रॅमांनी एकमेकांशी बोलावे, एकाने माहिती पुरवावी आणि दुसऱ्याने ती घ्यावी, अशी ही व्यवस्था होती. एक्सेलच्या सेलमध्ये आधी माहिती पुरवणाऱ्या प्रोग्रॅमचे नाव, मग एक उभी रेघ, मग विषय, त्यानंतर उद्गारचिन्ह आणि शेवटी हव्या त्या बाबीचे नाव, एवढे लिहिले की नाते जुळले. त्यानंतर भाव बदलला की पुरवठादार प्रोग्रॅम स्वतःहून निरोप पाठवी, सेलमधील आकडा बदले, आणि त्या सेलवर अवलंबून असलेला सारा तक्ता फेरहिशेब करी. रॉयटर, ब्लूमबर्ग आणि इतर माहितीपुरवठादारांच्या सेवा या मार्गाने एक्सेलशी जोडल्या गेल्या, आणि व्यापारी पेढीतील तरुण मनुष्य आता कोणाही संगणकतज्ज्ञाच्या मदतीशिवाय स्वतःचे भावदर्शक यंत्र घडवू शकला. आधीच्या यंत्रांवर काय दाखवायचे ते यंत्र विकणारा ठरवी. येथे ते तक्ता मांडणारा ठरवू लागला. हिशेबनिसाला मिळालेले हे स्वातंत्र्य या इतिहासातील सर्वांत मोलाचे पाऊल होय.

डीडीईला मर्यादाही होत्या. वापरणारा एखाद्या सेलमध्ये काही लिहीत असला की एक्सेल निरोप घ्यायला मोकळे नसे, आणि भाव झपाट्याने बदलू लागले की निरोपांची गर्दी होई. म्हणून २००२ च्या एक्सेलमध्ये आरटीडी नावाचे नवे सूत्र आले, ज्यात पुरवठादार फक्त ‘नवे काही आले आहे’ एवढे कळवतो आणि एक्सेल आपल्या सवडीने, मूळ ठेवणीप्रमाणे दर दोन सेकंदांनी, ताजे आकडे एकदम उचलते. दोन सेकंदांच्या मधले बदल तक्त्यात कधीच उमटत नाहीत. वेगासाठी केलेली ही रास्त तडजोड आहे, परंतु तक्ता ‘थेट’ आहे असे म्हणताना ती ध्यानात ठेवायला हवी.

भारतात या साधनांना अर्थ आला तो बाजार स्वतःच पडद्यावर गेल्यानंतर. राष्ट्रीय शेअर बाजाराने नोव्हेंबर १९९४ मध्ये उपग्रहाद्वारे जोडलेल्या संगणकांवर शेअरांचे व्यवहार सुरू केले आणि १८७५ पासून चालत आलेल्या मुंबई शेअर बाजारानेही मार्च १९९५ मध्ये बोल्ट ही पडद्यावरील पद्धत स्वीकारली. ओरडून आणि हातांच्या खुणांनी होणारा सौदा संपला, आणि भाव जन्मापासूनच संगणकातील संख्या बनला.

आतापर्यंतच्या सर्व साधनांत एक गोष्ट समान होती : आकडा पाठवणारा आणि घेणारा यांच्यात करार होता, वर्गणी होती, आणि आकडा कोणत्या स्वरूपात येईल हे दोघांनाही ठाऊक होते. वेबने ही स्थिती उलटवली. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधनसंस्थेत उभारलेल्या वेबवर पाने माणसांनी वाचण्यासाठी होती. १९९५ मध्ये नेटस्केप या ब्राउझरमध्ये आणि जानेवारी १९९७ च्या एचटीएमएल ३.२ या प्रमाणभाषेत तक्ता मांडण्याची खूण आली, तेव्हा पानावरचा तक्ता केवळ दिसण्यापुरता उरला नाही. त्याची रांग कोठे सुरू होते आणि चौकट कोठे संपते हे यंत्रालाही ओळखता येऊ लागले. एक्सेल ९७ ने याच गोष्टीचा लाभ घेऊन वेब क्वेरी ही सोय दिली. तिची विनंती ‘आयक्यूवाय’ हे शेपूट लावलेल्या साध्या मजकुराच्या फायलीत असे: पहिल्या ओळीत ‘वेब’ हा शब्द, दुसरीत एक हा अंक, तिसरीत पानाचा पत्ता. शेअरांचे भाव आणणाऱ्या काही तयार फायली एक्सेलबरोबरच मिळत. कोणत्याही वर्गणीशिवाय, तीन ओळींच्या बळावर, जगातील कोणताही जाहीर तक्ता आपल्या वहीत ओढून घेता येतो, ही त्या काळी खरोखरच मोठी गोष्ट होती.

मात्र आता करार नव्हता. पान लिहिणाऱ्याला आपला तक्ता कोणी ओढून घेत आहे याची कल्पनाही नसे, आणि त्याने जाहिरातीसाठी वर एक नवी चौकट टाकली की ‘चौथा तक्ता आण’ असे सांगून ठेवलेल्या एक्सेलच्या हाती भलताच मजकूर लागे. त्या काळात पानांची नुसती मांडणी साधण्यासाठीही तक्त्याची खूण सर्रास वापरली जात असल्यामुळे हा घोळ वारंवार होई. नोंदीचे काम यंत्राकडे गेले ते असे : मुनीम लिव्हरपूलच्या तारेत काही विपरीत दिसले तर थबकला असता, वेब क्वेरी थबकत नाही, सांगितलेल्या जागी जे असेल ते आणते.

गूगलने २००६ मध्ये ब्राउझरमध्येच चालणारी स्प्रेडशीट उघड केली आणि ही सोय सूत्राच्या पातळीवर आणली. गूगलफायनान्स या सूत्राला शेअरचे संक्षिप्त नाव दिले की भाव येतो. इम्पोर्ट-एचटीएमएल या सूत्राला पानाचा पत्ता आणि तक्त्याचा क्रमांक दिला की संपूर्ण तक्ता येतो. इम्पोर्ट-एक्सएमएलला पानाच्या रचनेतील विशिष्ट घटकापर्यंत जाणारा मार्ग सांगावा लागतो आणि त्यासाठी १९९९ मध्ये प्रमाण ठरलेली एक्सपाथ ही भाषा वापरली जाते. ही सूत्रे ज्या संगणकावर तक्ता उघडला आहे तेथे चालत नाहीत. गूगलचे दूरचे संगणक ते पान मागवतात आणि उत्तर पाठवतात. म्हणून ताजेपणाचे नियमही तेच ठरवतात : गूगलफायनान्सचा भाव वीस मिनिटांपर्यंत जुना असू शकतो, आणि इम्पोर्टची बहुतेक सूत्रे तक्ता उघडा असताना तासातून एकदा मूळ पानाकडे पाहतात. १९२९ च्या पट्टीसारखाच येथेही उशीर आकड्यावर लिहिलेला नसतो. पुढे पानांचीच बांधणी बदलली. पान आधी रिकामे येते आणि त्यातील आकडे नंतर जावास्क्रिप्ट या भाषेतील आज्ञा ब्राउझरमध्ये भरतात, अशी पद्धत रूढ झाल्यावर, माणसाला दिसणारा तक्ता इम्पोर्टच्या सूत्राला दिसेनासाच झाला.

ज्यांना अधिक खात्री हवी होती त्यांनी पानांऐवजी साध्या फायलींचा आधार घेतला, परंतु तेथेही देणाऱ्याची मर्जीच चालते. याहू फायनान्सच्या एका पत्त्यावरून भावांची स्वल्पविरामांनी तोडलेली फाईल मिळे आणि जगभरच्या असंख्य तक्त्यांची मदार तिच्यावर होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये ती बंद झाली आणि ते तक्ते एकदमच निकामी झाले. याच्या अगदी उलट उदाहरण मुंबईत आहे. म्युच्युअल फंडांची संघटना असलेली ॲम्फी ही संस्था सर्व योजनांचे त्या दिवसाचे युनिटमूल्य एकाच साध्या मजकुराच्या फायलीत प्रसिद्ध करते: योजनेचा क्रमांक, नाव, मूल्य आणि तारीख, मध्ये अर्धविराम. तिला ना शोभा आहे, ना रंग. पण आपल्या गुंतवणुकीचा तक्ता स्वतः राखणाऱ्या कित्येक भारतीयांचा हिशेब तिच्यावर चालतो, आणि प्रत्येक ओळीत तारीख असल्यामुळे आकडा केव्हाचा आहे हे शोधावे लागत नाही. सार्वजनिक माहिती कशी द्यावी याचा हा नमुना सरकारी खात्यांनी अभ्यासावा इतका चांगला आहे.

आकडे आपोआप आणण्याची घडी बसल्यावर ती मोडल्याचे लक्षात येत नाही, याची गंभीर प्रचीती इंग्लंडमध्ये २०२० च्या शरदात आली. प्रयोगशाळांकडून येणाऱ्या कोरोना तपासण्यांच्या फायली सार्वजनिक आरोग्य संस्थेत आपोआप एक्सेलच्या जुन्या स्वरूपाच्या तक्त्यांत ओढल्या जात होत्या. त्या स्वरूपात ६५,५३६ हून अधिक रांगा मावत नाहीत, एकेका तपासणीला अनेक रांगा लागत होत्या, आणि मर्यादा भरल्यावर उरलेल्या नोंदी कोणतीही सूचना न देता गळत गेल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ बाधित अशा रीतीने दैनंदिन आकडेवारीतून राहून गेले आणि त्यांच्या संपर्कातील लोकांचा शोध लांबला. त्याच महामारीत भारतात याच साधनाने नेमके उलटे काम केले: कोविड१९इंडिया या उपक्रमातील स्वयंसेवकांनी राज्य सरकारांची दैनिक पत्रके वाचून त्यांतील आकडे हाताने एका सामायिक स्प्रेडशीटमध्ये भरले, आणि तो तक्ता यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात सर्वांना खुला केला. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरपर्यंत संशोधकांचे, वृत्तपत्रांचे आणि सामान्य नागरिकांचे असंख्य तक्ते त्यावरून आपोआप भरत राहिले. हजारो ठिकाणी होणाऱ्या आपोआप नोंदीच्या मुळाशी येथे पुन्हा हाताने केलेली नोंदच होती, आणि पत्रकातील विसंगती ओळखून थांबणारा माणूस तिच्यात होता म्हणूनच तिच्यावर विश्वास बसला.

आता नोंदीच्या स्वरूपाच्या मूळ मुद्द्याकडे वळता येईल. कीर्दीत नवी ओळ जुन्या ओळीखाली येते. टिकरच्या पट्टीवरही आधीचा भाव छापलेला राही, आणि पट्टी जपून ठेवणाऱ्याला दिवसाचा सारा क्रम पुन्हा वाचता येई. थेट सेलमध्ये मात्र नवा आकडा जुन्याच्या जागी येतो आणि जुना नाहीसा होतो. अशा तक्त्याला आत्ताचे सगळे ठाऊक असते आणि कालचे काहीच नसते. ज्या भावाच्या आधारे सोमवारी निर्णय घेतला तो भाव मंगळवारी त्याच तक्त्यात दाखवता येत नाही. साधने बनवणाऱ्यांनाही ही उणीव जाणवलेली दिसते. गूगलफायनान्सच्या सूत्राला तारखा दिल्या तर ते मागील भावांची यादी देते, आणि एक्सेलमध्ये २०२० च्या सुमारास स्टॉक-हिस्टरी हे केवळ जुन्या भावांसाठीचे सूत्र आले. पण हा भूतकाळही पुरवठादाराच्या साठ्यातून पुन्हा मागवलेला असतो. शेअरांची विभागणी झाल्यावर जुने भाव नव्या मापाने दुरुस्त करून देण्याची रीत असल्यामुळे, त्या दिवशी पडद्यावर दिसलेला आकडा आणि आज मागवलेला त्याच दिवसाचा आकडा यांत फरक पडू शकतो.

शेतमालाच्या बाबतीत ही अडचण अधिक तीव्र आहे, कारण तेथे जुन्या भावांसाठी असे सूत्र तक्त्यात तयार मिळत नाही. केंद्र सरकारने २००० मध्ये ॲगमार्कनेट सुरू केल्यापासून देशभरच्या बाजारांचे दर संकेतस्थळावर येतात, आणि महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळ बाजार समितीनिहाय आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर असा तक्ता प्रसिद्ध करते. हा तक्ता स्प्रेडशीटमध्ये ओढणे सोपे आहे. परंतु ज्या दिवशी एखाद्या समितीत लिलाव झाला नाही त्या दिवशी तेथे लिहिण्यासारखा दर नसतो, तिची रांग यादीत येत नाही, खालच्या रांगा वर सरकतात, आणि ‘सातव्या रांगेतील दर’ मागणारे सूत्र निमूटपणे दुसऱ्याच बाजाराचा दर आणून ठेवते. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागू झाल्यावर नाशिक जिल्ह्यातील व्यापाऱ्यांनी काही दिवस लिलाव बंद ठेवले होते. लासलगावच्या कांद्याचा इतिहास लिहिणाऱ्याला त्या दिवसांचा न लागलेला दर हा लागलेल्या दरांइतकाच महत्त्वाचा पुरावा आहे. म्हणून अशा नोंदी काळजीपूर्वक राखणारे लोक रांगेच्या क्रमांकाऐवजी समितीच्या नावाने दर शोधतात, आणि ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमकरवी त्या दिवसाचा आकडा सूत्रातून सोडवून निव्वळ संख्येच्या रूपात नव्या ओळीत उतरवून ठेवतात. त्या ओळीत दराची तारीख, दर जेथून घेतला त्या पानाचा पत्ता आणि तो घेतल्याची वेळ असे तीन स्वतंत्र स्तंभ असतात, आणि लिलाव झाला नसेल तर दराच्या स्तंभात शून्य न लिहिता ‘लिलाव बंद’ असे शब्द असतात.